चौथी ‘ब’ची निवडणूक

“मला जिंकायचं नाहीये,” ओवी जर्मनमध्ये म्हणाली आणि दुधाचा कप पुढे सरकवला.

ऊर्मिला लेकीचा कोट शोधत होती. नोव्हेंबर २००८ चा पहिला मंगळवार. तिकडे अमेरिका आपला राष्ट्राध्यक्ष निवडत होती, म्हणून जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या या शाळेत चौथी ‘ब’नेही निवडायचा, असं वर्गशिक्षिका फ्राऊ लिंडनर यांनी ठरवलं होतं. गोऱ्या उमेदवाराच्या जागी लुकास, काळ्या उमेदवाराच्या जागी ओवी. खरा उमेदवार पुरुष आणि ओवी मुलगी, याची कुणाला अडचण वाटली नव्हती. पुण्यात ओवी ‘सावळी, पण नाकीडोळी नीटस’ म्हणून खपवून घेतली जायची; इथे त्याच रंगाने तिला तिकीट मिळवून दिलं. ऊर्मिलाला आधी हसू आलं, मग अभिमान वाटला, आणि मग तिने दोन आठवडे पोरीकडून भाषण घोकून घेतलं.

“बरं, पण का नाही जिंकायचं?”

“वर्गातल्या नील्सचे आजोबा म्हणतात, तसला माणूस निवडून आला की त्याला गोळी घालतात. नील्स म्हणाला, मलापण घालतील.”

“काहीतरीच. शाळेत कोण येतंय गोळ्या घालायला?”

ऊर्मिलाने तिचा हात धरला तर तो बर्फासारखा गार.

“आज पालकपण मत देणार आहेत,” ओवी म्हणाली. “तू लुकासला दे. प्रॉमिस कर.”

ऊर्मिलाने प्रॉमिस केलं. पोरांना शब्द द्यायला आपलं काय जातं? पण बूट घालताना तिला आठवलं. परवा टीव्हीसमोर तिचा नवरा शशिकांत म्हणाला होता, “येईल गं निवडून, पण टिकू देतील का त्याला?” तिनेही मान डोलावली होती. आणि ओवी तिथेच गालिच्यावर चित्र रंगवत बसली होती.

शाळेच्या कॉरिडॉरमध्ये लुकासचे वडील हसत पुढे आले. “काळजी करू नका, फ्राऊ केतकर. माझं मत ओवीलाच.”

“अहो, पण तुमचा मुलगा उभा आहे.”

“तो काय, पुन्हा कधीतरी उभा राहील. हे महत्त्वाचं आहे. आम्ही काही अमेरिकेतल्या लोकांसारखे नाही.” ते स्वतःवर फार खूश दिसले. ओवीचं भाषण त्यांनी अजून ऐकलंही नव्हतं.

त्यांच्या मागून जाणारी एक आई मैत्रिणीला म्हणाली, “निदान वर्गात तरी आपली मुलं पुढे येऊ द्या.” आवाज खाली करायची तिला गरज वाटली नाही. ऊर्मिलाने ओवीचा हात घट्ट धरला.

ओवीने भाषण न अडखळता म्हटलं, पण इतक्या हळू की फ्राऊ लिंडनरना दोनदा ‘मोठ्याने’ म्हणावं लागलं. मधेच ती खिडकीकडे बघायची. प्रत्येक वेळी ऊर्मिलाही बघायची.

मग चिठ्ठ्या वाटल्या. दोन नावं, दोन गोल; ज्याला मत, त्याच्या गोलात फुली. ऊर्मिलाने पेन्सिल लुकासच्या गोलावर टेकवली. शब्द म्हणजे शब्द. पण हात पुढे चालेना. पहिलीपासून अर्ध्या अर्ध्या गुणासाठी बाईंशी हुज्जत घालणारी बाई ती; स्वतःच्या हाताने लेकीला दुसरा नंबर द्यायचा? बाकीचे तिच्या रंगाकडे बघून मत देणार, कुणी हवं म्हणून, कुणी नको म्हणून. आईने तरी तिच्याकडे बघून द्यायला नको? पेन्सिल सरकली आणि ओवीच्या गोलात फुली पडली. एका मताने असं काय आभाळ कोसळणार होतं?

मुलं आणि पालक मिळून पंचेचाळीस चिठ्ठ्या. फ्राऊ लिंडनर एकेक नाव वाचत फळ्यावर रेघा ओढत गेल्या. बावीस, बावीस. शेवटची चिठ्ठी त्यांनी मुद्दाम सावकाश उघडली.

“ओवी!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लुकासचे वडील सगळ्यांत जोरात वाजवत होते. ओवी फळ्याकडे बघत नव्हती. ती बाकांमधून आईपाशी आली.

“तू कुणाला दिलंस?” तिने मराठीत विचारलं.

“लुकासला,” ऊर्मिला म्हणाली.

ओवीने मान डोलावली. तिचा आईवर विश्वास होता.

“आमच्या राष्ट्राध्यक्षांचा फोटो!” फ्राऊ लिंडनरनी ओवीचे खांदे धरून तिला मोठ्या खिडकीपाशी नेलं. उजेड तिथेच चांगला होता. ओवी काचेला पाठ लावून उभी राहिली. तिने डोळे गच्च मिटून घेतले.

काचेपलीकडे पार्किंगमध्ये एक माणूस गाडीला टेकून उभा होता. एक हात कोटाच्या खिशात. कुणाचा तरी बाप असेल. असणारच. मुलं सुटायची वेळ झालीच होती. त्याने वर खिडकीकडे पाहिलं.

ऊर्मिला उठली. खुर्च्यांमधून वाट काढत गेली आणि ओवी आणि काच यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली.

“फ्राऊ केतकर, तुम्ही फोटोत येताय,” फ्राऊ लिंडनर हसत म्हणाल्या. “जरा बाजूला होता का?”

“हो, होते,” ऊर्मिला म्हणाली, आणि आपल्या कोटाची दोन्ही टोकं ओवीभोवती ओढून घेऊन तशीच उभी राहिली.