हातगुण

"हात लाव," मामा म्हणाले, आणि भाचीने बादलीला तळहात टेकवला.

समोरच्या बाजूने मामांचाही हात बादलीवर होता. आत रेझिन, त्यात ते घट्ट करणारं, नुकतंच कालवलेलं हार्डनर. रंग मधाचा, वास मात्र डोकं उठवणारा. शेजारी होडीचा साचा, आणि त्यात अंथरलेलं काचेच्या धाग्यांचं पांढरंशुभ्र कापड. रोलर हातात घेऊन दोन बायका खोळंबल्या होत्या.

"मामा-भाचीचा सोहळा झाला असेल तर ओतू का?" त्यांतली थोरली म्हणाली.

"ओत. पण जीभ कमी चालव, रोलर जास्त."

बायकांनी मग्ग्याने रेझिन काढून कापडावर ओतलं. रोलर फिरले. बुडबुडे चिरडले गेले. कापड रेझिन पीत गेलं, तसा त्याचा पांढरेपणा विरत गेला.

हे पिणं फार वेळ चालत नाही. बादलीत रेझिन आपोआप तापू लागतं. कोमट झालं की खेळ संपला, मग ते धाग्यांत मुरत नाही. होडी बाहेरून आरशासारखी दिसते आणि आतून कोरडी राहते. पहिली दांडगी लाट आली की तळ उकलतो. म्हणून बादली कोमट होताक्षणी ती बाजूला करायची आणि नवी कालवायची. तो क्षण ओळखणं, एवढंच मामांचं काम.

मालकांनी एकदा थर्मामीटर आणला होता. तो बादलीत राहिला आणि रेझिन दगड झालं. आता तो ठोकळा दाराला अडसर म्हणून लावतात. तेव्हापासून मालक मामांच्या हाताशिवाय कशावरच विश्वास ठेवत नसत. "मामांनी इथं नावा काढल्या आणि नावही काढलं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. इथून गेलेली एकही होडी आजवर परत आलेली नव्हती.

मामांची डावी भुवई किंचित हलली.

"कोमट!" भाची म्हणाली.

"कोमट," मामाही म्हणाले. दोघांचे हात एकदमच उचलले गेले. आधी कोणाचा, यावर बायकांनी पैजा लावून पाहिल्या होत्या. कोणीच जिंकलं नव्हतं.

भाचीच्या बोटांना काहीही कळलं नव्हतं. कित्येक वर्षांत कळलं नव्हतं.

नवरा घर सोडून गेला, त्याच्या आगेमागेच ते सुरू झालं. तो गेला तेव्हा ती रडली नाही. घासायला एक ताट कमी झालं, एवढंच तिच्या ध्यानात आलं. मग एका सकाळी इस्त्री करताना काहीतरी करपल्याचा वास आला. साडी जळली की काय म्हणून तिने पाहिलं, तर साडी शाबूत होती. करपत होतं तिचंच बोट. तिने ते बाजूला घेतलं आणि राहिलेली साडी इस्त्री केली.

मामांनीच तिला इथं चिकटवलं होतं. हे गेलं तर दुसरं काही नव्हतं. म्हणून तिने तोंड मिटून घेतलं आणि मामांच्या भुवईवर नजर ठेवली. भुवई हलली की "कोमट". हळूहळू लोक तिच्याही हातगुणाबद्दल बोलू लागले.

मामा बादलीकडे कधी बघतच नसत. सारा वेळ तिच्याकडे बघत. नवरा गेल्यापासून जपतात, असं तिला वाटे.

चहा आला. बायकांनी पदरात धरून स्टीलचे पेले घेतले. मामांनी आपला पेला नेहमीसारखा नुसत्या मुठीत धरला.

"हात आहेत की सांडशी?" धाकटी म्हणाली.

"कष्टाचे आहेत बाई," मामा म्हणाले.

मालक आले. मामांचा आज शेवटचा दिवस होता. लिहून आणलेलं भाषण मालकांनी खिशातच ठेवलं. "मामा, अजून एक वर्ष थांबा की," एवढंच ते म्हणाले.

"नाही जमायचं. डोळे अधू झालेत."

"डोळे? तुम्ही काय बादलीशी नजरानजर करता? तुमचं काम हातांचं!"

सगळे हसले. मामाही हसले, जरा उशिरा.

"असो. उद्यापासून बादली भाचीकडे," मालक म्हणाले. "पुरातून माणसं काढायच्या होड्या सुरू करतोय. एकेका होडीत पोरंबाळं बसणार. तिचा हात आहे म्हणून मी निर्धास्त आहे."

भाचीने मान हलवली. उद्या बादली असेल, आणि समोर भुवई नसेल. गढूळ पाण्यातली होडी तिला दिसली. तिच्या तळाशी न भिजलेले पांढरे धागे दिसले. त्या धाग्यांवर पाय पोटाशी घेऊन बसलेलं एक पोर दिसलं. तिला काही वाटलं नाही. फक्त उरलेला चहा तिने ओतून दिला.

मामा नळावर हात धूत होते. अंगठ्यात काचेचं बारीक कुसळ रुतून रक्त येत होतं. तिने ते उपटून काढलं. मामा दुसरीकडेच बघत होते.

"मामा, मला बादली देऊ नका."

"का गं?"

"माझे हात मेलेत. थंड कळत नाही, गरम कळत नाही. इतकी वर्षं मी तुमची भुवई बघून हात काढत आले. तुम्ही जाताय, आता मी कोणाकडे बघू?"

नळ वाहत राहिला. मामांनी तो बंद केला नाही. ओले हात त्यांनी डोळ्यांजवळ नेले, उलटेसुलटे करून पाहिले आणि मग तिच्या तोंडाशी वाकून तिचा चेहरा शोधला.

"पोरी," ते म्हणाले, "तुझा चेहरा दिसेनासा झाला, म्हणून तर मी काम सोडतोय."