डिंकाचे लाडू

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आखातातल्या विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्याने नलिनी केळुसकरांचा डबा उघडला. आत लेकीच्या बाळंतपणासाठी वळलेले डिंकाचे लाडू होते.

"मावशी, यात काय काय घातलंय, विचारतोय तो," तिथली मराठी कर्मचारी म्हणाली.

"डिंक, खारीक, खोबरं..." त्या थांबल्या. इथे खसखशीला बंदी आहे, असं लेकीने तीनदा बजावलं होतं. पुडी त्यांनी आठवणीने घरीच ठेवली होती. लाडवांत मात्र सवयीने मूठभर पडली होती.

"एवढंच ना? माझी आई खसखसही घालते," ती हळूच म्हणाली.

"आम्ही नाही घालत," म्हणत त्यांनी जबाबावर सही केली.

नऊ चाळीसला एक लाडू तपासणीला गेला. व्हिसावर हमीदार म्हणून जावयाचं नाव आहे. तो बाहेर गाडी घेऊन उभा आहे.