उतरत्या चंद्राचं भविष्य

चंद्राच्या कलांप्रमाणे वागून आयुष्य कसं घडवावं, याचं सदर थोरली बहीण एका साप्ताहिकात लिहायची. तिचा स्वतःचा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. धाकटीचा मात्र पुरेपूर होता. शुद्ध पक्षात नवं काम हाती घ्या, असं थोरलीनं लिहिलं आणि धाकटीनं शिवणाचे क्लास सुरू केले. पौर्णिमेला मनातलं बोलून टाका, असं वाचून तिनं नवऱ्याला राजी केलं आणि दुकानासाठी गाळा घेतला. वर्षभरात तिच्या हाताखाली चार बायका होत्या. थोरली अजून त्याच डुगडुगत्या खुर्चीत बसून लिहीत होती. "सगळं तुझ्यामुळे गं, ताई," असं धाकटी म्हणाली की थोरलीच्या पोटात दुखायचं.

शेवटी कृष्ण पक्षाचं भविष्य तिनं फक्त धाकटीच्या राशीवर डोळा ठेवून लिहिलं, 'वृश्चिक: आजवर जे जिवापाड जपलंत, ते या पंधरवड्यात सोडून द्या. त्यातच तुमची वाढ आहे.'

अमावास्या उलटली आणि धाकटी धापा टाकत घरी आली.

"ताई, सोडलं बाई एकदाचं!"

"काय, दुकान?" थोरलीला आवाजातला आनंद लपवता येईना.

"छे गं, दुकान कशाला? लहानपणापासून मला तुझा हेवा वाटायचा. तुझी हुशारी, तुझं छापून येणारं नाव... कुणाला कळू दिलं नाही कधी. तोच सोडला. इतकं मोकळं वाटतंय, काय सांगू!"

ती खरंच मोकळी दिसत होती. थोरलीला आता त्याचाही हेवा वाटू लागला.