कोयता धुतल्यावर

“कोयता धुतला होता, साहेब!” सरकारी वकील नानासाहेबांनी टेबलावर बोट आपटलं. “वेडा माणूस रक्त धुवत बसत नाही. आपण केलं ते पाप आहे, हे ज्याला कळतं तोच धुतो.”

पुण्याच्या सत्र न्यायालयातल्या सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या. नानासाहेबांना असं आपल्याकडं बघणारं कोर्ट फार आवडायचं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तळवड्याची शालनबाई उभी होती. चौपन्न सालच्या शिमग्याआधी तिच्या नवऱ्याचा, भिमाजीचा, शेताच्या बांधावर खून झाला. तो केला सख्ख्या धाकट्या भावानं, भैरूनं. पिंपरीच्या नव्या कारखान्यात भिमाजीला नोकरी लागणार होती आणि भैरूला नाही, म्हणून त्याचा जळफळाट झाला, असं नानासाहेबांचं म्हणणं. भैरूला सरकारनं दिलेला तरुण वकील म्हणत होता, त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. वेडा ठरला तर वेड्यांचं इस्पितळ, शहाणा ठरला तर फास.

शालनबाईला फास हवा होता. त्यात तिच्या मनात तसूभरही किंतु नव्हता. एसटीतून येताना सासू यशोदाबाई तिच्या शेजारीच बसली होती, पण वाटभर चकार शब्द बोलली नाही. एक लेक गमावलेल्या बाईनं दुसऱ्यासाठी सुनेकडं कुठल्या तोंडानं जीवदान मागायचं? शालनबाईला तिची कीव आली. पण कीव वेगळी आणि पुसलेलं कुंकू वेगळं.

पोलिसांना तिनं एवढंच सांगितलं होतं की भैरू घरी आला, त्यानं कोयता धुतला, खुंटीला लावला. त्यात खोटं काहीच नव्हतं. नानासाहेब तेवढ्यावरच खूश होते. बाभळी तोडल्या की पात्याला डिंक धरतो, म्हणून तळवड्यात कोयता रोजच धुऊन मग घरात नेतात, हे त्या शहरी माणसाला कुठून ठाऊक असणार! शालनबाईनंही ते सांगितलं नाही. त्यांचं चाललंय ते बरंच चाललंय, असं तिला वाटलं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “बाई, कोयता खुंटीला लावल्यावर त्यानं काय केलं?”

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ‘लपून बसला’ एवढं म्हटलं की काम फत्ते. नानासाहेब तर आधीच मान डोलवायला लागले होते. शालनबाईनं समोरच्या पिंजऱ्यातल्या भैरूकडं पाहिलं. राग होता, आणि तो जन्मभर राहणार होता. पण त्या संध्याकाळी चुलीपुढं जे पाहिलं, ते तिनं इतके महिने एकटीनं गिळून ठेवलं होतं. आता ते घशाखाली उतरेना. तिनं पदर सावरला. आवाज खणखणीत निघाला.

“कोयता त्यो रोजच धुतो, सायेब. मग हातपाय धुऊन चुलीपाशी येऊन बसला. म्हनला, ‘वैनी, दोन ताटं वाढ. दादा मागनं येतूय.’ म्या वाढली. ह्ये बसल्याबिगर त्यो कदी घास घेत न्हाई. ताट म्होरं घेऊन तसाच बसून ऱ्हायला.”

“किती वेळ?”

“मानसं ह्यांना उचलून दारात आनस्तवर.”

नानासाहेब खाली बसले.

“मग?” न्यायाधीशांनी हळू विचारलं.

“मग काय, सायेब. ह्यांच्याकडं बघितलं, आन् रागंच भरला. म्हनला, ‘दादा, किती उशीर? भाकरी गार झाली की!’”