दोरीवरचा शर्ट

प्रमिलाने निळ्या चौकड्यांचा शर्ट नळाखाली धरला, पिळला आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातला. तो अंगात घालणारं घरात कुणीच नव्हतं.

१९९१ साली सिल्वासात कारखाने धडाधड उभे राहत होते, पण तिथल्या डोकमर्डी वस्तीत फ्लॅट मिळायचा तो फॅमिलीलाच. एकट्या बाईला तोंडावर नकार. म्हणून तिने घरमालकाला सांगून टाकलं होतं, नवरा कायम रात्रपाळीला असतो, दिवसा झोपतो. दाराशी मोठ्या मापाच्या चपलाही आणून ठेवल्या. खरा नवरा, वाल्मिक, धुळ्याला होता. त्याने तिचा हात मोडला होता. पळालीस तर शोधून काढीन, जिवंत सोडणार नाही, असं बजावलंही होतं.

घरमालक वापीला राहायचा. इथली खबर त्याला समोरच्या कुसुमताई पुरवायच्या. प्रमिला त्यांना चळचळा कापायची. बाई बोलायच्या कमी, बघायच्या जास्त. कधी हिच्या दोरीकडे, कधी चपलांकडे. त्यांचाही नवरा रात्रपाळीचाच. "हळू बोल गं, हे झोपलेत," हे ठरलेलं वाक्य. त्यांच्या दोरीवर एक दिवस खाकी शर्ट असायचा, एक दिवस पांढरा. खरा संसार असा असतो, असं प्रमिलाला वाटायचं.

गुरुवारी तिच्या कारखान्याला सुट्टी होती. दुपारी ती कुसुमताईंची वाटी परत करायला गेली.

"तुझे मिस्टर कधी दिसत नाहीत ते."

"झोपलेत." प्रमिलाने मान न उचलताच सांगितलं.

"रविवारी मालक येतोय. त्याला तुझ्या मिस्टरांना भेटायचंय."

तेवढ्यात खालच्या मजल्यावर कुणीतरी दार बडवलं.

"प्रमिला नावाची बाई इथं राहते का? मी तिचा नवरा. धुळ्याहून आलोय."

वाटी खणकन खाली पडली. पावलं जिना चढू लागली. खाली वाल्मिक, आणि समोर सगळं ऐकून बसलेल्या कुसुमताई. आता कुठे पळायचं?

कुसुमताईंनी तिचं मनगट धरलं, तिला आतल्या खोलीत ढकललं आणि पडदा ओढला.

आत अंधार होता. खाटेवर डोक्यावरून चादर घेऊन ताईंचे यजमान झोपले होते. प्रमिला भिंतीला चिकटली. तोंडात पदर कोंबला. हा माणूस दचकून उठला, ओरडला, की संपलंच.

"प्रमिला? अशी कुणी नाय इथं," बाहेर कुसुमताई म्हणत होत्या. "समोर नवरा-बायको राहतात. तो रात्रपाळी करून झोपलाय. आमचेपण आत झोपलेत. उठवू का दोघांना?"

वाल्मिक दोन्ही दारांपुढच्या चपला बघत असावा. मग पावलं जिना उतरली. खालचं फाटक वाजलं.

कुसुमताई आत आल्या. "गेला. मालकाला मी सांगते, तुझे हे ओव्हरटाइमला गेलेत म्हणून."

"ताई, हळू," प्रमिला कुजबुजली. "भाऊजी उठतील."

कुसुमताईंनी खाटेवरची चादर ओढली. खाली दोन उशा आणि एक लोड होता.

"चपला जरा मातीत घासत जा, तळ कोरे दिसतात," त्या म्हणाल्या. "आणि शर्ट दोन ठेव. मी नऊ वर्षं दोन आलटून पालटून भिजवते."