मागे न बघता

"वळणावर मागे न बघता गाडी काढलीत," कंट्रोल रूममधल्या मॅडम फोनवर म्हणाल्या. "तक्रार आलीय तुमची."

"मॅडम, गाडी बंद आहे," ड्रायव्हर म्हणाला. "सकाळपासून गोदामाच्या दारात रांगेत उभा आहे. मी पुढेच सरकलेलो नाही, तर मागे काय बघू?"

"ते दिसतंय मला. तुमची गाडी स्क्रीनवर तिथेच आहे. पण तक्रार आली की ड्रायव्हरला समज द्यायची, असा नियम आहे. दिली समज."

फोन बंद झाला.

नोकरी लागून दुसरा महिना चालू होता. तेवढ्यात त्याने बरंच काही गिळलं होतं. कोणत्याही गेटवर त्याला नाव नव्हतं. वॉचमन 'ए दहा चाकी, मागे घे' म्हणूनच हाक मारायचे. काचेवर बसवलेला कॅमेरा त्याने जांभई दिली तरी बोंबलायचा. पंपामागच्या नळाचं पाणी नेमकं साबण लावल्यावर जायचं. ताडपत्रीच्या दोऱ्या ओढून तळहाताची सालं निघाली होती. हे सगळं एक वेळ चाललं असतं. ही तक्रार मात्र डोक्यात गेली. दोन्ही आरशांत बघितल्याशिवाय तो गाडी जागची हलवत नसे. रिकाम्या मैदानातसुद्धा.

कारण ही नोकरी त्याला टिकवायचीच होती. परतीचा रस्ता बंद करून तो आला होता. वडील शिंपी. दुकानात दोन यंत्रं, त्यातलं एक त्याचं. ट्रकचं कळल्यावर वडील म्हणाले होते, "चाकावरच बसायचंय ना? मग ह्या चाकावर बस." तो ऐकेना, तेव्हा म्हणाले, "जा. पण मला फोन करायचा नाही. मीही करणार नाही." वडील शब्दाचे पक्के होते. तोही त्यांचाच मुलगा होता. पहिल्या फेरीला निघताना त्याने ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा केला, दुकानात जाऊन कपड्यांची बॅग उचलली आणि निघाला. वडील एका शर्टाची काजं करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुसरी तक्रार आली तेव्हा गाडी जॅकवर होती आणि तिचं एक चाक रस्त्याच्या कडेला आडवं पडलं होतं. तक्रार तीच, शब्दही तेच. मागे न बघता गाडी काढली.

"कोणाचा फोन आहे, एवढं तरी सांगा," तो ओरडला.

"नंबर पहिल्या वेळचाच आहे. नाव सांगता येत नाही. नियम आहे."

पाना द्यायला थांबलेला दुसऱ्या गाडीचा मिशीवाला ड्रायव्हर हसत सुटला. "कोण रे तुझी एवढी आठवण काढतंय? माझी बायकोसुद्धा काढत नाही."

याला हसू आलं नाही. नवा ड्रायव्हर कायम होण्याआधी तीन तक्रारी झाल्या की त्याने किल्ली जमा करायची, हाही नियमच होता. कुणी तरी मुद्दाम करत होतं. माल उतरवून गाडी यार्डात लागताच तो तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला.

मॅनेजरने चहाचा कप बाजूला सारला. "ओरडू नकोस. दोन्ही वेळा गाडी उभी होती, हे आमच्याकडे दिसतंय. तक्रारी खोट्या आहेत, एवढं लिहून दे. दोन्ही रद्द करतो. आणि तो नंबर आपल्याकडे कायमचा बंद. पुन्हा लागणारच नाही."

"आत्ता देतो," म्हणत त्याने पेन उचललं.

शेजारच्या टेबलावरचा फोन वाजला. मॅडमनी आकडे बघितले. "तोच आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी स्पीकर चालू केला.

आधी नुसती खडखड ऐकू आली. शिवणयंत्र चालत होतं. मग ते थांबलं.

"ताई, तुमची ती गाडी मागे न बघता गेली हो."

पेन कागदावर तसंच टेकून राहिलं.

"कुठे बघितलीत, काका?"

"आमच्या गल्लीच्या तोंडाशी."

"आज?"

"आज नाही. झाले बरेच दिवस. मी मागोमाग आलो होतो. हाक मारणार, तेवढ्यात वळला. पाठीवर गाडीचा नंबर आणि तुमचा फोन नंबर होता, तेवढं वाचता आलं." मग घाईघाईने, "ते असू दे. आज कुठे आहे गाडी?"

"यार्डात उभी आहे."

"उभी का? बिघडली? की त्याला बरं नाहीये?"

"सगळं ठीक आहे, काका. ड्रायव्हरला समज देऊ ना?"

"द्या. पण जेवताना नको."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मॅनेजर हसला. "बघ, स्वतःच कबूल करतोय म्हातारा, आजचं काही नाही म्हणून. लिही, तक्रार खोटी. नंबर बंद करून टाकू."

ड्रायव्हरने पेन टेबलावर ठेवलं.

"खोटी नाही, साहेब," तो म्हणाला. "मी मागे बघितलं नव्हतं."