मोडल्या मुक्कामावरची भाकरी

केवळाबाईनं विझल्या चुलीच्या दगडांवर ज्वारीची भाकरी ठेवली, वर पळसाचं पान झाकलं आणि पानावर एक खडा. बिऱ्हाड घोड्यावर चढलं होतं. मेंढरं देवगाव फाट्याकडं वळली होती.

"लिहून घ्या," रामहरी सर बी.ए.च्या पोरांना म्हणाले. मानवशास्त्राचा पेपर कॉलेजात यंदाच आला होता आणि पोरांना माणसं कशी पाहायची ते दाखवायला सरांनी थेट आपल्या आईचा, केवळाबाईचा मुक्काम गाठला होता. "मुक्काम हलवताना ही मंडळी भाकरी ठेवून जमिनीचा निरोप घेतात."

त्यांच्या प्रबंधातलं हे सगळ्यांत वाखाणलेलं प्रकरण. त्यासाठी ते तीन जिल्हे हिंडले. दुसऱ्या कुठल्याच मुक्कामावर ही रीत दिसली नाही, तेव्हा 'लोप पावत चाललेली प्रथा' असंही त्यांनी लिहून टाकलं. आईला मात्र विचारलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

घोंगडीचा वास आला आणि सरांना भरून आलं. सात वर्षांचे होईतो ते याच वासात निजले होते, पोटाशी एखादं कोकरू घेऊन. मग वसतिगृह. दिवाळीला बाकीच्या पोरांचे बाप न्यायला यायचे. यांची मेंढरं तेव्हा कुठल्या शिवारात असतील, कुणाला ठाऊक. आपल्याला टाकून मुक्काम पुढं गेला, हे शल्य पन्नाशी आली तरी गेलं नव्हतं. पुढं ते आईच्या मुक्कामावर यायचे ते वही घेऊनच. रात्रीला कधी राहिले नाहीत.

दीपिका नावाच्या पोरीनं लिहिता लिहिता पेन थांबवलं. "सर, तुम्हीच म्हणला होता ना, आधी माणसाला विचारायचं?" आणि ती सरळ केवळाबाईकडं गेली. "आजी, ही भाकरी कुणाला?"

"कुणाला म्हंजी? ह्याला." केवळाबाईनं हनुवटीनं लेकाकडं दाखवलं. "सात वर्साचा होता, जिंतूरला शाळंत घातला. आमी आज हितं, उद्या तितं. लेकरू पळून आलं, हुडकत हुडकत जुन्या मुक्कामावर पोचलं, तर उपाशी ऱ्हाऊ नये म्हून ठिवत आले."

सरांनी वही मिटली.

"पण आजी, आता तर सर आलेत की!"

केवळाबाईनं घोड्याची दोरी हाती घेतली.

"कुठं आलाय, बाई? हा तर तुमच्यासंगं आलाय."